अदृश्य, पण कोणाला?

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे संपादन मराठी विभागाकडे सोपवतात ते शुद्धलेखनासाठी, असा एक सार्वत्रिक समज आहे. ऱ्हस्वदीर्घ तपासावे, कवितांमधील पावसाचे प्रमाण थोडे कमी करावे, ‘माझी आई’ या विषयावर सात लेख आले असतील तर त्यांतले दोन निवडावेत, इतकीच अपेक्षा असते. आणि आम्हा दोघांची तरी त्याहून मोठी महत्त्वाकांक्षा कधी नव्हती. परंतु या खेपेस विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने ‘अदृश्य विमाने : काल आणि आज’ या शीर्षकाचा अकरा पानी लेख आमच्या टेबलावर आणून ठेवला, आणि पुढचे तीन आठवडे आम्ही, मराठीत एम.ए. झालेली दोन माणसे, तरंगलांबी आणि परावर्तन यांच्या नादी लागलो.

मुलगा विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांपैकी एका गावचा. पनवेलबाहेरच्या वाचकांसाठी इतके सांगायला हवे की नवी मुंबईच्या या विमानतळासाठी उलव्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून सपाट केली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने उडू लागली. या मुलाची शाळेची वर्षे त्या सुरुंगांच्या आवाजात गेली. आपले घर ज्या वस्तूसाठी गेले ती वस्तू मुळापासून समजून घ्यायची, असे त्याने आम्हाला सांगितले. त्या सांगण्यात कडवटपणा नव्हता. हिशेब पुरा करण्याचा एक शांत निर्धार मात्र होता. लेख ‘स्थलाभावी’ परत करणे म्हणूनच आम्हाला शक्य नव्हते.

लेखाच्या पूर्वार्धात अमेरिकेचे ‘एसआर-७१’ हे टेहळणी विमान होते, आपल्या हवाई दलाचे ‘मिग-२५’ होते. उत्तरार्धात ‘वैमानिकशास्त्र’ नावाच्या ग्रंथातील ‘गूढ’ विद्या होती, जिच्या योगे विमान शत्रूच्या दृष्टीआड करता येते. निष्कर्ष असा, की दोन्ही गोष्टी एकच. या दोन टोकांना जोडणारा पूल एका शब्दाचा होता : अदृश्य. आणि शब्द हा आमचा प्रांत असल्यामुळे आम्ही तिथून सुरुवात केली.

‘दिसणे’ या क्रियापदाची मराठीत एक गंमत आहे. आपण ‘मी चंद्र पाहतो’ म्हणतो, पण ‘मला चंद्र दिसतो’. दिसण्याच्या क्रियेत पाहणारा चतुर्थीत येतो. कोणाला तरी दिसल्याशिवाय दिसणे पुरे होत नाही. ‘अदृश्य’ हे विशेषण मात्र ही चतुर्थी गिळून टाकते. ‘अदृश्य विमान’ म्हटले की ते कोणालाच, कशानेच, कुठूनच दिसत नाही असे वाटते. वर्तमानपत्रांनी ‘स्टेल्थ’ला ‘अदृश्य’ म्हणायला सुरुवात केली तेव्हाच हा घोटाळा झाला. विद्यार्थ्याच्या लेखाच्या समासात आम्ही एकच प्रश्न लिहिला : ‘अदृश्य, पण कोणाला?’ आणि मग त्याचे उत्तर तपासता यावे म्हणून भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांच्या दारात जाऊन बसलो.

तेथे कळलेली पहिली गोष्ट अशी, की रडार पाहत नाही, हाक मारते. कर्नाळ्याच्या सुळक्यासमोर उभे राहून ओरडावे आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो यावरून अंतर ओळखावे, तसे. तेव्हा रडारपासून लपायचे म्हणजे प्रतिध्वनी परत जाऊ द्यायचा नाही. यात गूढ काही नाही. ही आरशाची भूमिती आहे. एक चौरस मीटरचा सपाट धातूचा पत्रा तीन सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारसमोर अगदी काटकोनात धरला, तर त्याचा प्रतिध्वनी सुमारे चौदा हजार चौरस मीटर छाया पडेल एवढ्या प्रचंड गोळ्याइतका येतो. तोच पत्रा कलता धरला की लाट भलतीकडे निघून जाते आणि रडारच्या वाट्याला जवळपास काही उरत नाही. पत्रा तोच, धातू तोच. फक्त कोन बदलला. रात्री मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरून कळंबोलीकडे येताना रस्त्यात जडवलेले ठिपके आपल्या गाडीच्या दिव्यात झगझगतात, ते नेमके याच्या उलट तत्त्वावर : प्रकाश कुठूनही येवो, तो आल्या वाटेने परत पाठवायचा. दोन किंवा तीन पृष्ठभाग एकमेकांना काटकोनात आले की हे आपोआप होते. म्हणून लपू पाहणाऱ्या विमानात काटकोन वर्ज्य. शेपटीचे पंखही कललेले. जे थोडे परावर्तन तरीही उरते ते शोषून त्याची उष्णता करणारे लेप, हा दुसरा उपाय.

या भूमितीत कडांचा भाग सर्वांत अवघड, कारण लाट कडेपाशी आरशासारखी वागत नाही, विखुरते. त्याचे गणित प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ साली प्रसिद्ध केले. त्यात लष्करी गुपित असल्याचे त्याच्या देशात कोणाला वाटले नाही. १९७१ साली अमेरिकी हवाई दलाने त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद करवून घेतला, आणि काही वर्षांनी लॉकहीड कंपनीतील डेनिस ओव्हरहोल्सर या गणितज्ञाने तो वाचून ‘एफ-११७’ विमानाचा पाया घातला. त्या विमानाचे अंग हिऱ्याला पैलू पाडावेत तसे सपाट तुकड्यांचे आहे, कारण त्या काळच्या संगणकांना वक्र पृष्ठभागाचे गणित झेपत नव्हते. भाषांतर ही दुय्यम प्रतीची कामगिरी मानणाऱ्या आमच्या काही सहाध्यायांना हा प्रसंग जरूर ऐकवावा, असे आम्हाला वाटून गेले. असो.

दुसरी गोष्ट अधिक निराशाजनक आहे. रडारला मिळणारा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घातात क्षीण होतो. त्यामुळे विमान दिसू लागण्याचे अंतर निम्मे करायचे असेल तर त्याचे भासमान क्षेत्रफळ सोळा पटींनी घटवावे लागते. दहाव्या हिश्शावर आणायचे तर दहा हजार पटींनी. एवढे करूनही विमान दिसत नाही असे नाहीच. ते उशिरा दिसते, इतकेच. शिवाय हे सारे ठरावीक तरंगलांब्यांपुरते. लाट मीटर–दोन मीटर लांबीची, म्हणजे विमानाच्या पंखाशेपटीच्या मापाची झाली की कोनांची ही कारागिरी बरीचशी फुकट जाते. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात एक एफ-११७ पाडले गेले. त्याचा माग अशाच लांब लाटांच्या जुनाट रडारने लागला होता, आणि क्षेपणास्त्रही जुन्याच सोव्हिएत बनावटीचे होते.

आणि तिसरी गोष्ट तर साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. एच. जी. वेल्सच्या १८९७ च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीवर वैज्ञानिकांचा एक जुना आक्षेप आहे : तो माणूस खरोखर पारदर्शक झाला असता तर आंधळाही झाला असता, कारण पाहायचे तर डोळ्याच्या पडद्याने प्रकाश शोषला पाहिजे. एफ-११७ मध्ये रडारच बसवलेले नव्हते, ते याच जातीच्या कारणाने. स्वतः हाक मारली की आपला ठावठिकाणा कळतो. पाहायचे तर इतरांच्या प्रकाशात, तोंड मिटून. टेहळणी विमानाचा सारा धर्म पाहण्याचा, तेव्हा त्याच्यापुरती ही अडचण जीवघेणीच.

इथवर आल्यावर आम्ही विद्यार्थ्याला विचारले, की तुझ्या लेखातले मिग-२५ या हिशेबात कुठे बसते? तो म्हणाला, ‘सर, बसतच नाही.’ हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले, याचा आम्हाला आनंद झाला.

‘मिग’ हा शब्द मराठी घरांत पोचला तो नाशिकजवळच्या ओझरमुळे. १९६४ साली तेथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना निघाला व मिग-२१ विमाने तयार होऊ लागली. या विमानांना हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप दिला. मिग-२५ मात्र ओझरला कधी बनले नाही. ती मोजकीच विमाने १९८१ साली सोव्हिएत रशियातून आली, बरेलीच्या १०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये राहिली, ‘गरुड’ या नावाने ओळखली गेली आणि २००६ साली निवृत्त झाली. सर्वसामान्य माणसाला त्यांचा पत्ताच नव्हता. आम्ही कनिष्ठ महाविद्यालयात असताना, १९९७ च्या मे महिन्यात, इस्लामाबादच्या आकाशात एकाएकी मोठा स्फोटासारखा आवाज झाल्याच्या आणि तो भारताच्या मिग-२५ चा असल्याच्या बातम्या आल्या. पाकिस्तानने निषेध केला. भारताने अधिकृतपणे काही कबूल केले नाही. दोन वर्षांनी कारगिलच्या वेळी ही विमाने पुन्हा चर्चेत आली. तेव्हा हवाई दलप्रमुखपदी अनिल टिपणीस होते, आणि आडनाव वाचून आमच्या गल्लीत जी छाती फुगली तिचा विमानविद्येशी काही संबंध नव्हता.

मिग-२५ लपत नाही. त्याचे हवा घेणारे चौकोनी जबडे, उभ्या दोन शेपट्या, पोलादी अंग. रडारच्या दृष्टीने तो एक उडता वाडा. त्याची भिस्त वेगळ्या गोष्टीवर आहे. दिसणे आणि सापडणे यांत मराठी माणूस फरक करतो. चोर दिसला म्हणजे सापडला असे नव्हे. वीस-बावीस किलोमीटर उंचीवर ध्वनीच्या तिप्पट वेगाने, म्हणजे तासाला जवळपास ३,२०० किलोमीटर वेगाने येणारे विमान तीनशे किलोमीटरवर दिसले तर डोक्यावर यायला सहा मिनिटेही घेत नाही. तेवढ्यात ओळखायचे, हुकूम मिळवायचा, क्षेपणास्त्र सोडायचे आणि ते एवढे उंच चढवायचे. १ मे १९६० रोजी पेशावरहून निघालेले अमेरिकेचे ‘यू-२’ सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडले गेले. तेही एकवीस किलोमीटरच्या आसपास उंचीवरच होते, पण संथ होते. उंची पुरेशी नाही, वेग हवा, हा धडा त्यातून निघाला. एसआर-७१ च्या आधीचे ‘ए-१२’ १९६२ साली आणि एसआर-७१ स्वतः २२ डिसेंबर १९६४ रोजी प्रथम उडाले. अशी ३२ विमाने बांधली गेली, त्यांतली १२ अपघातांत गेली, शत्रूच्या हाती एकही लागले नाही.

वेगाची किंमत मोजणे आम्हाला फार मनोरंजक वाटले, कारण तिचे आकडे पनवेलच्या नकाशावर मांडता येतात. समजा, असे विमान वीस किलोमीटर उंचीवरून पनवेलवरून पुण्याकडे गेले. डोक्यावरून जाताना काहीही ऐकू येणार नाही. आवाज विमानामागे शंकूच्या आकारात ओढला जातो, आणि त्या शंकूची कड जमिनीवर पनवेलपर्यंत पोचायला सुमारे एक मिनिट लागते. आपण दचकून वर पाहतो तेव्हा विमान लोणावळा ओलांडून कामशेतच्या आसपास गेलेले असते. हा धमाका ध्वनीचा वेग ओलांडताना एकदाच होतो असा समज आहे, तो खरा नाही. विमान स्वनातीत आहे तोवर तो त्याच्या मागोमाग जमिनीवरून ओढला जातच असतो, ज्याच्या-त्याच्या गावाला एकदा ऐकू येतो. आता वळण. अंग पंचेचाळीस अंश कलते करून हे विमान वळू लागले तर त्याच्या वर्तुळाची त्रिज्या ऐंशी किलोमीटर होते. पनवेलवर वळायला सुरुवात केली तर तोंड पुरते उलटे फिरेपर्यंत ते १६० किलोमीटर बाजूला गेलेले असते, इथून नाशिक जितके आहे त्याहून लांब. आणि छायाचित्र? सेकंदाला आठशे मीटरहून अधिक धावणाऱ्या कॅमेऱ्याने पाचशेव्या हिश्शाच्या क्षणात जरी चित्र टिपले तरी तेवढ्यात जमीन दीड मीटरहून जास्त सरकलेली असते. चित्र पुसट होऊ नये म्हणून फिल्मही त्याच हिशेबाने सरकवत न्यावी लागे.

पण खरी किंमत उष्णतेची. त्या उंचीवर बाहेरची हवा उणे ५६ अंशांची. विमान तिच्यात घुसते तेव्हा समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवड मिळत नाही. ती दबते, थबकते, आणि तिची गती उष्णतेत बदलते. ध्वनीच्या तिप्पट वेगाला, जिथे हवा पूर्ण थांबते तिथे तापमान सुमारे ३३० अंश सेल्सियस होते. नेहमीच्या विमानांचे ॲल्युमिनियम याच्या अर्ध्या तापमानालाही नेट सोडू लागते. कॉन्कॉर्डच्या नाकाला १२७ अंशांची मर्यादा होती, म्हणून ते ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या आसपासच थांबले. रशियनांनी मिग-२५ निकेलमिश्रित पोलादाचे केले, जड पण स्वस्त. अमेरिकनांनी टायटॅनियम निवडले, आणि त्याचा मोठा भाग आडवळणाने खुद्द सोव्हिएत रशियातूनच खरेदी केला. (टायटॅनियम देणारे इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही आहे, सहलीत मुलांच्या पायाला चिकटते ती वाळू.) एसआर-७१ चे पत्रे गरम होऊन प्रसरण पावतील या हिशेबाने थंडपणी सैल ठेवलेले असत, त्यामुळे जमिनीवर उभ्या विमानातून इंधन ठिबकत राही.

आणि येथे वेग व लपणे यांचे भांडण सुरू होते. एसआर-७१ ने दोन्ही साधायचा प्रयत्न केला : अंगाच्या कडा चपट्या ओढलेल्या, शेपट्या आत कललेल्या, कडांना लाट शोषणारे भाग, झोताचे परावर्तन घटवण्यासाठी इंधनात सीझियमचे संयुग. अंतराचा हिशेब पाहता हे शहाणपणाचे होते, कारण दिसण्याचे अंतर निम्मे झाले की सहा मिनिटांची तीन होतात. परंतु तीनशे अंशांना तापलेले अंग उणे छप्पन्न अंशांच्या अंगापेक्षा जवळजवळ पन्नासपट उष्णता प्रारित करते, आणि तीही नेमकी अवरक्त लाटांच्या त्या पट्ट्यात, जिथे हवा बऱ्यापैकी पारदर्शक असते. त्यातून तो प्रसिद्ध काळा रंग. आमच्या विद्यार्थ्याने, आणि आम्हीही, तो रात्रीत मिसळून जाण्यासाठी असेल असे धरले असते. मुख्य कारण वेगळे. काळा पृष्ठभाग उष्णता चांगली बाहेर टाकतो, म्हणून अंग थोडे थंड राहते. म्हणजे होरपळू नये म्हणून त्या विमानाला अधिक ‘चमकावे’ लागे. फक्त ती चमक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. रडारपुरते लपलेले, अवरक्त दुर्बिणीपुढे मशाल, आणि कानांना तर दवंडी. एफ-११७ ने दुसरी वाट धरली आणि वेग सोडून दिला. ते ध्वनीपेक्षा मंदच उडे.

आता ‘गूढ’. ‘वैमानिकशास्त्र’ हा ग्रंथ भरद्वाजांच्या नावे सांगितला जातो. तो सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तोंडी सांगितला आणि दुसऱ्याने उतरवून घेतला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्याची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्यातील विमाने उडू शकत नाहीत, हे तर त्यांनी दाखवलेच; पण आमचे लक्ष वेधून घेतले ते दुसऱ्या भागाने. त्यांनी भाषा पाहिली, रचना पाहिली, हस्तलिखितांची परंपरा शोधली, आणि हा मजकूर १९०४ च्या मागे जात नाही असे ठरवले. ही पाठचिकित्सा झाली. हे काम आमच्या विषयाचे. विमान अभियंत्यांनी ते केले. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये या ग्रंथाच्या आधारे प्राचीन विमानांवर व्याख्यान झाले, आणि शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपल्याकडे अजून अभिमानाने सांगितली जाते. त्या कथेतील ओढ आम्हाला कळते. परक्या राज्यात, परक्या यंत्रांच्या धुरात, आपलेही काही वर जावे असे वाटणे क्षुद्र नाही. पण विद्यार्थ्यापुढे आम्ही एवढेच ठेवले, की ‘गूढ’ला तोच प्रश्न विचार : कोणाला गूढ? कोणत्या लाटेला? कोणत्या बाजूने? किती अंतरावरून? आणि त्या बदल्यात काय मोजावे लागते?

तो आठ दिवस फिरकला नाही. आम्हाला काळजी वाटली. मुलाचा अभिमान दुखावला की तो लिहायचेच सोडतो, हे आम्ही पाहिलेले आहे. मग तो आला तो लेख चौदा पानांचा करून. ‘गूढ’चा भाग त्याने काढला नव्हता, पण त्यापुढे १९७४ ची चिकित्सा स्वतःच्या शब्दांत लिहिली होती, आणि निष्कर्षाची जागा कोरी ठेवली होती. शिवाय एक नवा परिच्छेद होता, आम्ही न सुचवलेला : घराच्या गच्चीवरून त्याला दिसणारी प्रवासी विमाने जमिनीवरच्या रडारने विचारले की आपला क्रमांक आणि उंची आपणहून कळवतात, दिसणे हेच त्यांचे संरक्षण, आणि ती सुखरूप दिसावीत, उतरावीत म्हणून टेकडी दिसेनाशी करावी लागली. हे वाक्य आम्ही दोघांनी दोनदा वाचले आणि त्यातला एक अनुस्वार तेवढा दुरुस्त केला.

शीर्षकावर मात्र एकमत झालेले नाही. ‘अदृश्य’ नको, हे आता तोही म्हणतो. आमच्यापैकी एकाने ‘चकवा’ हा शब्द सुचवला : ‘रडारला चकवा देणारी विमाने’ असे वर्तमानपत्रे लिहितातच, शब्द आपल्या मातीतला आहे, आणि चकवा कोणाला हे त्यात सांगावेच लागते. दुसऱ्याचा आक्षेप असा, की कोकणात चकवा लागलेला वाटसरू रात्रभर चालून पुन्हा त्याच जागी येतो, आणि इथे तर लाट निघाल्या जागी परत न येणे हीच सारी करामत आहे; तेव्हा शब्द अर्थाने बरोबर आणि भूमितीने उलटा. विद्यार्थ्याने दोघांचे ऐकून घेतले आणि ‘स्टेल्थ’ तसाच ठेवू का, असे विचारले. अंक छापखान्यात जायला अजून चार दिवस आहेत.